मेलेल्या सिंहाचं उत्तर

काजळ्या विहिरीत पडून मेला त्याला वर्ष होत आलं होतं, तरी दिवस कलला की त्याची डरकाळी माळावर घुमायचीच. आधी भुरा हाक द्यायचा. गिधाडटेकडीच्या उतारावर बसून, मान पुढे काढून, पोटातून ओढून आणल्यासारखी लांबलचक डरकाळी, आणि तिच्यामागे विरत जाणारे आठ-दहा हुंकार. मग जरा वेळ सगळं गप्प. आणि मग पूर्वेच्या नाल्याकडून काजळ्या उत्तर द्यायचा. तोच जाड, किंचित घोगरा आवाज, जिवंतपणी होता तसाच.

चौकीत बसलेला हेमराज कोहळे कानावरचे हेडफोन काढून ठेवायचा आणि म्हणायचा, "झालं बाप्पा. आजचा दिवस निभला."

हे उत्तर त्यानेच घडवलेलं होतं. त्याने आणि रोशनने.

सोनगव्हाणचं अभयारण्य म्हणजे पैनगंगेच्या अलीकडचा मैलोन्‌मैल पसरलेला गवताळ माळ. मधूनमधून पळस, नाल्याकाठी सागवान, आणि कडेने कापसाची नि तुरीची शेतं. गुजरातेतून सिंह आणून इथे सोडले त्याला अकरा वर्षं झाली होती. त्या पहिल्या तुकडीबरोबरच हेमराज कोहळे आणि रोशन मेश्राम हे दोन आवाजवाले आले. कॅमेऱ्याला सिंह दिसतो, पण गवत वाढलं की कॅमेरा आंधळा होतो. डरकाळी मात्र दोन-दोन कोस जाते, आणि प्रत्येक सिंहाची वेगळी असते. ती टिपायची, कोण कुठे आहे ते सांगायचं, हे यांचं काम.

आणि हे काम एकट्याचं नव्हेच. एका कानाला आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला ते कळत नाही. त्याला दोन कान लागतात, आणि दोन्हींत अंतर लागतं. ज्या कानाला आवाज आधी पोचला त्या अंगाला तो बोलणारा. म्हणून हेमराज गिधाडटेकडीवर बसायचा आणि रोशन समोरच्या मोहटेकडीवर. डरकाळी कुणाला कधी ऐकू आली हे दोघांनी ताडून पाहिलं की सिंहाची जागा सापडायची. दहा वर्षं हे दोघे असे रोज संध्याकाळी एकमेकांकडे तोंड करून, मधे अख्खा माळ ठेवून बसले. हेमराजचं लग्न दोन वर्षांतच मोडलं होतं. बायको जाताना म्हणाली होती की तुमचा संसार त्या मोहटेकडीवर आहे, माझं इथे काय काम? हेमराजला तेव्हा राग आला होता. पुढे विचार केला तेव्हा त्यालाही ते फारसं खोटं वाटेना.

मग रोशनच्या गुडघ्यांनी दगा दिला. टेकडी चढवेना. तो नोकरी सोडून नागपूरला लेकीकडे राहायला गेला, आणि विभागाने दोन्ही टेकड्यांवर आपोआप चालणारे मायक्रोफोन बसवले. हेमराज आता चौकीत बसून ऐकायचा. काम अडलं नाही. फक्त समोरच्या टेकडीवरून बॅटरी हलवून "चल बे, भूक लागली" असं सांगणारं कुणी उरलं नाही.

त्याची भरपाई म्हणून हेमराज रोज संध्याकाळी फोन लावायचा.

"काय म्हणते भुरा?" पलीकडून रोशन विचारायचा.

"बोलला ना. अन् काजळ्यानंबी जबाब देल्ला."

"मंग झालं तर. तू जेवला का?"

"भाकर टाकून राहिलो आता. तुये गुडघे?"

"मजेत हाय मी. तू नको फिकर करू. येऊनबी नको राहू उगाच एवढ्या लांब. तिकडचं पाय."

एवढंच. पण एवढ्यावर हेमराजची रात्र सुखाने जायची.

*

भुरा आणि काजळ्या भाऊ नव्हते. वेगवेगळ्या पिंजऱ्यांतून, वेगवेगळ्या वर्षी आलेले, कुणाचं कुणाशी रक्ताचं नातं नसलेले दोन नर.

सिंहाच्या नराचं एक अवघड दुखणं असतं. वाघ एकटा राहतो, बिबट्या एकटा राहतो. सिंहाला एकटं राहणं परवडत नाही. वयात आला की त्याला कळपातून हुसकतात. सख्खे-चुलत भाऊ असले तर ते सोबत निघतात आणि सोबतच मुलूख मारतात. भावाची पिल्लं जगली तरी घरातलंच रक्त पुढे जातं, त्यामुळे तिथे वाटणीवरून फारसं अडत नाही. पण ज्याला भाऊच नाही त्याने काय करावं? तो आपल्यासारखाच एखादा बेवारशी नर गाठतो. आधी दोघे एकमेकांना फाडायला उठतात. मग लांब लांब बसतात. मग अंतर कमी होत जातं, आणि एक दिवस डोक्याला डोकं घासतात. एकाच्या आयाळीचा वास दुसऱ्याला लागला की जोडी पक्की झाली म्हणायची. धाकट्या जोडीदाराला शिकारीत नि माद्यांत वाटा कमीच येतो. पण एकट्याच्या वाट्याला जे येतं त्यापेक्षा तो पुष्कळ असतो. शास्त्रज्ञांनी याचं गणित मांडून ठेवलं आहे. रोशनला ते गणित पाठ होतं, पण पटत नव्हतं. "एक मेल्यावर दुसरा काऊन असा हिंडते, ते सांग म्हणा त्या गणितवाल्याले," असं तो म्हणायचा.

काजळ्या मेला तो कठडा नसलेल्या एका शेतविहिरीत. भुरा पाच दिवस त्या शेताभोवती ओरडत फिरला. आणि त्याच सुमारास दक्षिणेच्या भागातल्या तिघा भावांनी उत्तरेकडे सरकायला सुरुवात केली.

तिथे खरी भीती होती. सावळी नावाची सिंहीण तेव्हा गाभण होती. नवे नर आले की आधीच्या नरांची पिल्लं मारतात. त्याशिवाय मादी त्यांना जवळ करत नाही. पिल्लं दोन वर्षांची होईतो बापाने मुलूख राखला तर ती वाचतात, नाहीतर नाही. आणि तिघांपुढे एकटा भुरा म्हणजे उंटाच्या तोंडात जिरं.

पण सिंह चढाई करण्याआधी आवाज मोजतो. समोरून एकच डरकाळी आली तर पुढे येतो, दोन आल्या तर थबकतो. कुठल्याही शहाण्याला हाणामारीपेक्षा मोजणी स्वस्त पडते. त्यावरूनच दोघांना कल्पना सुचली की काजळ्याचा आवाज जिवंत ठेवायचा. नुसतं जुनं ध्वनिमुद्रण वाजवून भागत नाही. तेच ते ऐकलं की सिंहाला पंधरा दिवसांत लबाडी कळते. म्हणून यंत्राला काजळ्याच्या सगळ्या जुन्या हाका ऐकवून त्याची बोलण्याची ढबच शिकवली. भुरा कुठून, किती जोराने ओरडला ते ऐकून ते यंत्र काजळ्याची ताजी डरकाळी घडवायचं आणि माळात पुरलेल्या मोठमोठ्या ढोलांपैकी योग्य त्या ढोलातून सोडायचं. डरकाळीचा खर्ज साध्या भोंग्याला पेलत नाही, म्हणून हे छातीएवढे ढोल. त्यांना नाव दिलं जोडआवाज. ते सुरू करून दिलं आणि मगच रोशन नागपूरला गेला.

तिघे भाऊ सीमेवर थबकले. सावळीला चार पिल्लं झाली, आणि चारही वाढू लागली.

*

माघ सरता सरता एका सकाळी पल्लवी उईके चौकीवर आल्या. वनक्षेत्रपाल, वयाने हेमराजच्या निम्म्या, बोलायला सरळ. खुर्ची झटकायचीही वाट न पाहता त्यांनी टॅब्लेट पुढे धरला.

"हेमराजभाऊ, भुऱ्याला पाहिलंत का नीट?"

ड्रोनने वरून घेतलेलं चित्र होतं. भुऱ्याच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"खात नाही का?"

"शिकारीला जातच नाही. दिवस कलला की त्या उतारावर बसतो आणि ओरडत राहतो. पूर्वी संध्याकाळी चार-पाचदा ओरडायचा. आता चाळीस-चाळीसदा. सुरुवातीला ढोलांपाशी जाऊन वास घ्यायचा, आता तेही सोडलं. नुसता उत्तर ऐकायला ओरडतो. आणि हे दुसरं पाहा."

दुसऱ्या चित्रात उत्तरेच्या नाल्यात उभा असलेला एक अनोळखी नर होता. विरळ आयाळ, एक कान फाटलेला.

"बाहेरून आलाय. एकटा आहे. महिनाभर सीमेवर घुटमळतोय. आमची पोरं त्याला पाहुणा म्हणतात. हा रोज हळू आवाजात हाक देतो, मग भुरा आणि काजळ्या असे दोन आवाज ऐकतो, आणि मागे फिरतो. जिथे जोडी भरलेली आहे तिथे तिसऱ्याला जागा नसते, हे तुम्हीच मला शिकवलंत. जोडआवाज बंद करून पाहायचा का?"

हेमराजने दक्षिणेकडे बोट केलं. "अन् तिघं भाऊ? एक आवाज आयकला की ते दोन दिवसांत इथं. चार पिल्लं हायेत, मॅडम."

"माहीत आहे. पाहुण्याने भुऱ्यालाच मारलं तर तेही होईल. पण भुरा असाच वाळत गेला तर पावसाळ्यापर्यंत टिकायचा नाही. मग तुमचे ढोल कुणाला उत्तर देणार?" त्यांनी टॅब्लेट मिटला. "पाहुणा आता कापसाच्या शेतांकडे सरकतोय. तिकडे गेला की कुणाच्या तरी तारेच्या करंटला लागून मरेल. फार दिवस नाहीत आपल्याकडे. यंत्र तुमचं आहे, मी हुकूम देणार नाही. रोशनभाऊंना विचारा."

त्याने त्याच संध्याकाळी विचारलं. सगळं सांगितलं, बरगड्यांचं, पाहुण्याचं, पिल्लांचं.

"मले वाटते बंद नाही करावं," हेमराज म्हणाला.

"हाव, बरोबर हाय तुयं," रोशन म्हणाला. "नको करू बंद."

"पण भुरा मरून जाईन ना असा."

"हाव, तेबी खरं हाय. तुले जसं वाटते तसं कर."

हेमराजने फोन ठेवला. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. आज त्याला दुसरा हात लागला होता, पण तो हवेसारखा लागला होता. दहा वर्षांत रोशनने त्याला एवढ्या सहज 'बरोबर हाय' म्हटल्याचं त्याला आठवेना. मायक्रोफोनची वायर डावीकडून घ्यायची की उजवीकडून यावर हा माणूस तास-तास भांडलेला. म्हातारपणाने मवाळ झाला असेल, असं म्हणून त्याने भाकरी थापायला घेतली.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने हेडफोनमधला भुऱ्याकडचा आवाज बंद केला आणि दक्षिणेकडचा सुरू केला. तिघे भाऊ किती जवळ आलेत ते पाहायचं होतं.

त्यांतला थोरला एका कोरड्या तळ्याकडून ओरडला. हेमराज बाकीच्या दोघांच्या उत्तराची वाट पाहत राहिला. उत्तर आलं नाही. थोरला पुन्हा ओरडला. तरी गप्प. मग तिसरी हाक आली ती जरा पलीकडून. चौथी त्याहून पलीकडून. तो चालू लागला होता. आणि थोड्या वेळाने, दोन्ही टेकड्यांवरच्या मायक्रोफोनांनी एकाच जागेवरून तीन वेगवेगळ्या आवाजांतले, एकमेकांत मिसळलेले हुंकार टिपले. भाऊ भेटले होते. उत्तर मिळालं नाही म्हणून तो उठून गेला होता.

हेमराजच्या हातातला चहा तसाच राहिला.

काजळ्याही असाच होता की! शिकारीवर असला, झोपेत असला, नाहीतर नुसताच लहरीत असला, तर मूग गिळून बसायचा. भुरा दोनदा-तीनदा ओरडायचा आणि मग उठून त्याला शोधायला निघायचा. उजाडता उजाडता दोघे एकत्र दिसायचे. मग यंत्रात हे का उतरलं नाही?

कारण त्यांनीच उतरू दिलं नव्हतं. जोडीचं मुद्रण म्हणून त्यांनी ज्यात हाक आणि उत्तर दोन्ही आहेत तेवढेच तुकडे राखले होते. नुसती हाक असलेले तुकडे निकामी म्हणून पुसून टाकले होते. उत्तराशिवाय दोघांतलं अंतर काढता येत नाही, मग ते ठेवून करायचं काय? त्या निवडलेल्या तुकड्यांवर यंत्र शिकलं. यंत्राच्या लेखी काजळ्या आयुष्यात कधी गप्प बसलाच नव्हता. आणि ज्याला हाकेसरशी उत्तर मिळतं त्याने जागचं हलावं कशाला? भुऱ्याला त्यांनी कोंडलं होतं, आणि तेही प्रेमाने.

ही चूक पहिल्यांदा कुणाला सांगायची हे ठरलेलंच होतं. भल्या पहाटेची वेळ होती, पण त्याला धीर धरवेना. त्याने नंबर लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत पलीकडून आवाज आला.

"बोल बे हेमराज. काय म्हणते भुरा?"

हेमराजने तोंड उघडलं आणि तो तसाच थांबला.

रोशन मेश्राम सकाळी आठच्या आत उठल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. फोन तर तो चार-पाचदा वाजल्याशिवाय घ्यायचाच नाही. कधी आंघोळीत, कधी चष्मा सापडत नाही, कधी नुसतं मन नाही म्हणून. 'अर्धे फोन त्यानं घेतलेच नाही माये,' हेमराज मनात म्हणाला. आणि न घेतलेल्या फोनात आवाज नसतो. तो कुठेच मुद्रित होत नाही. कुणी कुणाच्या फोनवरच्या बोलण्यावरून यंत्र शिकवायला घेतलं, तर त्या यंत्राला घेतलेले फोनच तेवढे मिळणार.

अशी यंत्रं त्या सुमारास घरोघरी झाली होती. सरकारी नाव 'प्रतिसादक'. लोक त्याला 'बोलक्या' म्हणत. मालक कामात असला की बोलक्या त्याच्या आवाजात, त्याच्या ढबीत फोनवर बोलायचा. जिल्ह्याच्या कचेरीत तर साहेब क्वचित आणि साहेबांचा बोलक्याच नेहमी भेटायचा. कायद्याने त्याला एकच बंधन होतं: कुणी सरळ विचारलं तर खरं सांगायचं. पण जिवाभावाच्या माणसाला असलं काही कोण विचारतो?

"रोशन," हेमराज म्हणाला, "एक विचारू?"

"विचार ना बे."

"तूच बोलून राहिला, का तुया बोलक्या?"

"मी श्री. रोशन मेश्राम यांचा प्रतिसादक आहे," तोच आवाज स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाला. "आपणांस संभाषण पुढे चालू ठेवायचे आहे का?"

*

मितूने, म्हणजे रोशनच्या लेकीने, आपला फोन घेतला तो बऱ्याच वेळाने. संघमित्रा तिचं नाव. लहानपणी सुट्टीत ती मोहटेकडीवर बापाच्या मांडीवर बसून हेडफोन लावायची.

"तू हायेस ना पोरी?" हेमराजने आधी तेच विचारलं.

"मीच आहे, हेमूकाका." आणि मग तिला कळलं. ती रडायलाच लागली.

सात महिन्यांपूर्वी रोशनला पक्षाघात झाला होता. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. ओठांतून 'अं' याखेरीज काही निघत नव्हतं.

"मी तुम्हाला कळवणारच होते. पण बाबांनी हात धरला माझा. बोलक्याकडे बोट दाखवत राहिले. त्यांना तुमच्यापुढे असं यायचं नव्हतं काका. आणि तुम्ही तिकडचं सगळं टाकून धावत आला असतात. तुमचा फोन आला की मी आवाज मोठा करून ठेवते. ते खुर्चीत बसून सगळं ऐकतात. रोज."

सात महिने हेमराज एका यंत्राची खुशाली विचारत होता, आणि तिथेच दोन हातांवर रोशन मुका बसून ऐकत होता. एकदा उठून नागपूरला गेला असता तर? पण जायचं कशाला, रोज तर बोलणं होत होतं.

"काल रात्री," त्याने विचारलं, "म्या ढोल बंद करू का म्हणून विचारलं, तवा आयकलं का त्यानं?"

"ऐकलं. डावा हात टेबलावर आपटत होते, काका. पुन्हा पुन्हा. पण बोलक्या बोलतच राहिला. बंद कर म्हणत होते की करू नको, ते मला कळलंच नाही. नंतर विचारलं तर तोंड फिरवून पडून राहिले."

"मी येतो," हेमराज म्हणाला. पण तेवढ्यात पल्लवी मॅडमांची जीप दारात उभी राहिली. पाहुणा कापसाच्या शेताच्या बांधावर पोचला होता. आज संध्याकाळी त्याला माळात जागा दिसली नाही तर उद्या तो गेलेला असणार होता.

नागपूर पाच तासांच्या वाटेवर होतं. जायला पाच, यायला पाच. म्हणजे जे ठरवायचं ते आजच, आणि एकट्याने.

दिवस कलला. भुरा ओरडला. हेमराजने हात पुढे केला आणि जोडआवाज बंद केला.

भुरा उत्तराची वाट पाहत बसला. पुन्हा ओरडला. पुन्हा थांबला. त्या रिकाम्या जागा हेडफोनमधून ऐकणं हेमराजच्या जिवावर आलं होतं, पण त्याने ते काढले नाहीत. अंधार पडेपर्यंत भुरा ओरडत राहिला आणि मग एकाएकी थांबला. ड्रोनवर पाहिलं तर तो उतारावर नव्हता. उठून चालू लागला होता, पूर्वेच्या नाल्याकडे, जिथे काजळ्या नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी एकच आवाज आला, आणि तो दक्षिणेपर्यंत पोचला. तिघांतला एक भाऊ सीमा ओलांडून आत शिरला. सावळीने पिल्लांना गवतात पांगवलं, अंगावर जखमा झेलल्या, पण चौघांकडे एकदम कशी पुरी पडणार? सकाळी वनरक्षकांना दोन पिल्लं मेलेली सापडली. हेमराजने आपला दुपट्टा अंथरून त्यांना त्यावर ठेवलं. अजून अंगावरचे ठिपके पुरते गेले नव्हते. पल्लवी मॅडम त्याच्याशेजारी उभ्या राहिल्या. 'यंत्र तुमचं आहे' असं त्यांनी म्हटलं होतं, आणि ते खरंच होतं.

"ढोल सुरू करू का पुन्हा?" त्याने विचारलं.

"तुम्ही सांगा."

त्याने नाही म्हणून मान हलवली. आता सुरू केले तर पाहुणा परत जाईल आणि ही दोन पिल्लं फुकट गेलेली असतील. पण हे बोलायला त्याच्याकडे तोंड नव्हतं.

पाहुणा आला पुढच्या पहाटे. नाल्याच्या काठाने, मान खाली घालून. भुरा वाळलेला होता तरी त्याने झेप घेतली, आणि दोघे धुळीत गुंतले. पाहुण्याचा उरलेला कान फाटला, भुऱ्याच्या खांद्यातून रक्त आलं. हेमराज पडद्यासमोर उभा राहून "नको बाप्पा, नको" म्हणत होता. मग दोघे एकदम बाजूला झाले आणि लांब लांब बसून आपापल्या जखमा चाटू लागले. त्या दिवशी कुणी कुणाकडे गेलं नाही. दुसऱ्या दिवशी अंतर जरा कमी होतं. चौथ्या संध्याकाळी भुरा ओरडला, पाहुणा गप्प बसला, आणि भुरा उठून त्याच्याकडे गेला.

आठवडा संपायच्या आत एका संध्याकाळी दक्षिणेकडे तोंड करून दोन डरकाळ्या एकमेकींत मिसळून उठल्या. एक भुऱ्याची, दुसरी नवी, पातळ, अजून न जुळलेली. तिघे भाऊ सीमेपलीकडे सरकले. उरलेल्या दोन पिल्लांना सावळी पाहुण्यापासून लांबच ठेवत होती, पण ती जिवंत होती.

हेमराजने हेडफोन काढले आणि सवयीने फोन हातात घेतला. मग परत ठेवला. अख्ख्या माळावर ही गोष्ट सांगावी असं कुणी नव्हतं.

*

नागपुरातल्या त्या लहानशा खोलीत रोशन खिडकीशी बसला होता. वाळला होता. उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. हेमराजला पाहिल्यावर त्याने मान खाली घातली, आणि हेमराजला दारातच कळलं की मितू लाजेबद्दल खरं बोलली होती.

तो समोर बसला. इकडचं-तिकडचं काही काढलं नाही. सगळं क्रमाने सांगितलं: पुसून टाकलेल्या तुकड्यांची चूक, ढोल बंद केले ते, पाहुणा आला ते. दोन पिल्लांचं सांगताना त्याचा आवाज गेला, पण त्याने तेही गाळलं नाही.

"त्या रात्री तू हात आपटून राहिला होता म्हणे," तो शेवटी म्हणाला. "बंद कर म्हणत होता, का नको करू म्हणत होता?"

रोशनने वर पाहिलं. आणि हळूहळू, पण स्पष्ट, मान डावीकडून उजवीकडे हलवली. नको.

"म्हणजे पिल्लांसाठी?"

रोशनने डोळे मिटून उघडले. हो.

"मंग म्या चुकलो?"

आता उत्तर लगेच आलं नाही. मग रोशनचा डावा हात उठला आणि खुर्चीच्या दांडीवर आपटला. "अं!" एकदा. पुन्हा. "अं! अं!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो संतापाने थरथरत होता. दोन पिल्लं, दोन पिल्लं गेली, आणि तू मला न विचारता. हे सगळं त्या एका अक्षरात होतं आणि त्यातलं काहीही हेमराजला समजावून घ्यावं लागलं नाही. सात महिन्यांत पहिल्यांदा त्याला कुणीतरी नाही म्हटलं होतं. त्याला हुंदका आला आणि तो लहान पोरासारखा रडला, दुःखाने की सुटकेने ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

रोशनने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मितू आतून आली. "ते थकलेत काका. असे रागावले की दोन-दोन दिवस बघत नाहीत कुणाकडे. तुम्ही निघा आता, अंधार व्हायच्या आत पोचाल. मी फोन करेन."

"फोन नको," हेमराज म्हणाला. "बसतो मी."

"किती वेळ?"

त्याला ते माहीत नव्हतं. रोशनची पाठ हलली नाही. हेमराजने चपला काढून पलंगाखाली सारल्या, खुर्ची थोडी जवळ ओढली, आणि तो वाट पाहत बसला.